कॉलेजात खेळणाऱ्या मुलांसाठी: कन्सल्टंट, कौन्सेलर की सायकॉलॉजिस्ट?

अमेरिकेतल्या कॉलेजच्या टीममध्ये मूल खेळतंय आणि मनाच्या त्रासासाठी कॉलेजबाहेरचं कुणीतरी हवंय, अशी वेळ आमच्या घरात येऊन गेली. मुलीला काय होत होतं ते तिचं तिच्यापाशी. निवड कशी केली तेवढंच लिहितो.

आधी सीएमपीसी, म्हणजे सर्टिफाइड मेंटल परफॉर्मन्स कन्सल्टंट. निदान मास्टर्स, मेंटरच्या देखरेखीखाली ४०० तास काम आणि वर परीक्षा, तेव्हा या मंडळींना हलकं लेखू नका. आमच्या मुलीला टेनिसच्या सर्व्हिसआधीचं रुटीन अशाच एका बाईंनी बसवून दिलं: चेंडूचे टप्पे, लांब उच्छ्वास, नजर रॅकेटच्या तारांवर, मग टॉस. दुसऱ्या सर्व्हिसला तिचा हात आखडायचा, तो सुटला. पण हे सर्टिफिकेट आहे, लायसन्स नव्हे. झोप उडाली, जेवण तुटलं, तर तिथे त्यांचं काम संपतं, आणि चांगले कन्सल्टंट ते स्वतःहून सांगतात. कॉलेजच्या खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेनेही २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आणि २०२४ च्या सुधारित आवृत्तीत उपचार लायसन्सवाल्यांकडेच ठेवलेत.

लायसन्सवाल्यांत कौन्सेलर आणि क्लिनिकल सोशल वर्कर मास्टर्स झालेले, सायकॉलॉजिस्ट बहुतेक डॉक्टरेट झालेले. समोर बसून बोलताना हा फरक आम्हाला तरी जाणवला नाही. मुलीची पहिली कौन्सेलर उत्तम होती. फी बेताची, वेळही लवकर मिळायची. अडलं ते भलतीकडेच.

लायसन्स राज्याचं असतं, आणि व्हिडिओ सेशनला पेशंट कुठल्या राज्यात बसलाय हे बघितलं जातं. आमचं कॉलेज ओहायोत, घर न्यू जर्सीत, आणि मोसमात शनिवार-रविवारी टीम तिसऱ्याच राज्यात. त्यामुळे प्रत्येक कॉलचा पहिला प्रश्न, "आज कुठे आहेस?" इंडियानातल्या हॉटेलात रूममेट जेवायला खाली गेल्यावर तिने कसाबसा एकांत मिळवून लॅपटॉप उघडावा, राज्याचं नाव सांगावं, आणि सेशन पुढच्या आठवड्यावर जावं. कौन्सेलरचा काही दोष नाही, तिचं लायसन्स पणाला लागलं असतं. पण मॅचच्या आदल्या रात्रीच तर बोलायची खरी गरज असते! उन्हाळ्यात ती घरी आली आणि सगळंच थांबलं. जरा कुठे विश्वास बसलेला, मन मोकळं व्हायला लागलेलं, आणि मध्येच एवढा खंड. मला त्याचा फार त्रास झाला, तिला तर झालाच.

सायकॉलॉजिस्टांसाठी सायपॅक्ट नावाचा आंतरराज्य करार आहे. ४० हून जास्त राज्यं त्यात आहेत. ओहायो, इंडियाना, न्यू जर्सी तिन्ही आहेत. त्याचा परवाना असलेला सायकॉलॉजिस्ट यांपैकी कुठल्याही राज्यात बसलेल्या पेशंटला व्हिडिओवर बघू शकतो. सगळ्यांनी तो घेतलेला नसतो, आणि फीही आम्हाला जास्त पडतेय, हे खरं. तरी आम्ही तिकडे वळलो. सर्व्हिसचं रुटीन अजून त्या कन्सल्टंट बाईच बघतात.

प्रत्येकाला हेच लागू पडेल असं नाही. मी हे लिहितोय तेव्हा कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क सायपॅक्टमध्ये नाहीत, त्यामुळे सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियातल्या मंडळींचं गणित वेगळं. मूल घराजवळच शिकत असेल, बाहेरच्या मॅचेस कमी असतील, तर कौन्सेलर अगदी पुरेसा. काहींकडे दोन-तीन राज्यांची लायसन्स असतात, आणि कौन्सेलरांचाही असाच करार आता सुरू होतोय. आणखी एक: मूल अठराचं झालं की आत काय बोलणं झालं ते सहसा त्याच्या संमतीशिवाय ना कोचला कळत, ना आपल्याला. लायसन्सवाल्यांवर ते बंधन कायद्याचं आहे, आणि मला ते हवंच होतं.

पहिल्या फोनवर फीच्या आधी विचारा: सायपॅक्टचा परवाना आहे का, आणि टीम बाहेरच्या राज्यात असताना सेशन घ्याल का? आमच्या सायकॉलॉजिस्टनी तर पहिल्याच भेटीत मोसमाचं वेळापत्रक मागून घेतलं.