योकोमो वायडी-२: किट झकास, पण खिसा सांभाळा

वन-टेन स्केलची (खऱ्या गाडीच्या एक दशांश), मागच्या चाकांवर पळणारी ही जपानी रिमोट कंट्रोल ड्रिफ्ट कारची (वळणावर मुद्दाम घसरवत चालवायची गाडी) चॅसी, म्हणजे सांगाडा, सहा महिने वापरतोय. आधीच सांगतो, किटमध्ये फक्त चॅसी येते, मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), सर्व्हो (पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर), जायरो (गाडी फिरतेय हे ओळखून स्टीअरिंग सावरणारा सेन्सर), रिमोट, बॉडी, बॅटरी सगळं वेगळं घ्यायचं, म्हणजे खरा खर्च तिथून पुढे (बायकोला अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही).

जायरोत कंजूषी नको, रिअर व्हील ड्राइव्हमध्ये काउंटर स्टीअर (मागचा भाग घसरतो त्या दिशेला पुढची चाकं वळवणं) तोच सांभाळतो. गेन (जायरोची संवेदनशीलता) फार वाढवला की पुढची चाकं थरथरतात, मग थोडा थोडा कमी करत जायचं. आणि जायरोची दिशा उलटी राहिली तर गाडी जागच्या जागी भोवरा, माझा पहिला अख्खा रविवार त्यातच गेला!

मोटर १०.५ टर्न (टर्न म्हणजे आतल्या तारेचे वेढे) ब्रशलेस टाकलीय, पुरते. पण अपग्रेडमध्ये पैसे घालायचेच तर आधी टायर बघा. आमच्या पार्किंगच्या गुळगुळीत काँक्रीटवर मस्त सरकणारे टायर डांबरावर कामाचे नाहीत, फ्लोअर बदलला की टायर बदला. ज्या दुकानातून घेतली त्यांनी हे सांगितलंच नाही, वर चुकीचे टायर गळ्यात मारले. अ‍ॅल्युमिनियमचे चकचकीत पार्ट नंतर घ्या हो, घाई काय आहे.