फाउंडेशनमधली रिसर्चची समर इंटर्नशिप, पुणे: ४/५

टीवायवाल्यांनी, एमएसडब्ल्यूवाल्यांनी बिनधास्त अप्लाय करा, पण कोथरूडच्या ऑफिसात एसीखाली पीपीटी बनवायच्यात असं समजून येऊ नका. काम म्हणजे वाचनवर्गांचा पोरांना खरंच फायदा होतो का ते तपासायचं. मे महिन्यात शाळा बंद, म्हणून पोरं घरीच गाठायची, म्हणजे भर उन्हात मुळशीतल्या वस्त्यांवर टॅबमध्ये कोबो टूलबॉक्स (सर्व्हेचे फॉर्म भरायचं ॲप) उघडून बसायचं, रेंज नसली तरी फॉर्म सेव्ह होतो आणि नंतर अपलोड होतो हे एक बरंय. एका आजींना विचारलं, वाचनवर्गाबद्दल किती समाधानी, १ ते ५? तर म्हणे, "आधी पानी पी बाळा, अन् लिही पाच." आता ह्या पाचाचं करायचं काय! मॅडमनी तो प्रश्नच उडवला, म्हणाल्या पोराच्या हातात दुसरीचा उतारा द्या आणि वाचतो का बघा. बेसलाइन-एंडलाइन (वर्गाआधीची आणि वर्गानंतरची मोजणी) काय, वर्गाला न गेलेल्या पोरांशी तुलना कशाला, हे कॉलेजात नुसतं पाठ केलेलं, इथे डोक्यात शिरलं. डेटा क्लीनिंग मात्र डोकं उठवतं, एकाच गावाची चार स्पेलिंगं. रिपोर्टातलं 'फारसा फरक दिसला नाही' हे वाक्य डोनरसाठी मऊ करायला लावतील वाटलेलं, नाही लावलं, मानलं. स्टायपेंड पेट्रोल आणि मिसळीत संपतो, वर उशिरा येतो, एक स्टार त्याचाच कापला. टोपी न्या.