एसपीएफ ३० की ५०? आधी दोन बोटं मोजा

काउंटरवर सनस्क्रीनच्या दोन ट्यूब आहेत. एकीवर एसपीएफ, म्हणजे उन्हापासून संरक्षणाचा आकडा, ३०, दुसरीवर ५०, आणि दुसरीची किंमत जवळपास दुप्पट. कागदावर बघाल तर फरक किरकोळ आहे. एसपीएफ ३० नीट लावलं तर उन्हातल्या यूव्हीबी किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडतात, ५० लावलं तर ९८. एका टक्क्यासाठी एवढे पैसे कशाला, असं वाटणारच.

मेख आहे ती 'नीट' या शब्दात. ट्यूबवरचा आकडा ठरतो तो त्वचेच्या दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावून. घरी आपण बहुतेक जण त्याच्या पाव ते निम्मंच लावतो. थर निम्मा झाला की ५० चे २५ होतात, कधी त्याहूनही कमी. म्हणजे महागडं ५० जपून-जपून लावणाऱ्यापेक्षा स्वस्तातलं ३० सढळ हाताने लावणारा जास्त सुरक्षित. हात आखडताच राहणार हे स्वतःबद्दल माहीत असेल, तर मात्र ५० घ्या. तिथे तो वरचा आकडा खरोखर कामी येतो.

सढळ म्हणजे किती? तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत क्रीमची एकेक रेघ काढायची. एवढं चेहऱ्याला आणि मानेला. वजनात म्हणाल तर नुसत्या चेहऱ्याला ग्रॅमभर तरी लागतं. या हिशेबाने ५० ग्रॅमची ट्यूब रोज एकदा लावूनही दीड महिन्यात संपायला हवी. तुमची सहा महिने पुरत असेल, तर तुम्ही सनस्क्रीनचा नुसता वास लावताय!

दुसरी गोष्ट ट्यूबवर बारीक अक्षरात असते आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची आहे: पीए आणि त्यापुढच्या अधिकच्या खुणा. एसपीएफ मुख्यतः त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबीबद्दल सांगतं. आपल्याकडची तक्रार असते रापण्याची, वांगाची, डागांची, आणि त्यात यूव्हीए या उन्हातल्या दुसऱ्या किरणांचा हात मोठा. हे किरण खिडकीच्या साध्या काचेतूनही आत येतात. पीए ही यूव्हीएपासूनच्या संरक्षणाची जपानी मोजपट्टी, तिच्यात जास्तीत जास्त चार अधिक. '५०, पीए दोन अधिक' आणि '३०, पीए चार अधिक' यांतून निवडायचं झालं, तर मी दुसरी उचलेन.

मिनरल की केमिकल? झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइडवाल्या मिनरल क्रीमला किरण परतवणारा आरसा समजू नका, तीही किरण मुख्यतः शोषूनच घेतात. नाजूक त्वचेला आणि लहान मुलांना ती बरी. सावळ्या रंगावर मात्र पिठात तोंड बुडवल्यासारखी दिसतात, मग आपण कमी लावतो आणि गाडी पुन्हा थराच्या जाडीवर येते. केमिकल फिल्टरवाली हलकी असतात, दिसत नाहीत, पण मुंबईच्या घामात डोळ्यांत उतरली की झोंबतात. वांग असेल तर हा वाद बाजूला ठेवून आयर्न ऑक्साइड असलेलं टिंटेड, म्हणजे त्वचेच्या रंगाचं, घ्या. वांग डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या उजेडानेही वाढतो, आणि तो उजेड हा रंगच अडवतो.

स्प्रेचं अर्धं वाऱ्यावर जातं. स्टिक बाहेर असताना पुन्हा लावायला सोयीची, पण एकाच फटकाऱ्याने भागत नाही.

आता खरी स्पर्धा: क्रीम विरुद्ध स्कार्फ आणि सनकोट. पुण्यात दुचाकीवरच्या मुलींनी हा निकाल कधीच लावलाय, आणि तो बराचसा बरोबर आहे. अंगभर क्रीम लावायला एका वेळी साधारण ३० मिलिलिटर लागतं, म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब दोन दिवसांत खलास. कापड क्रीमसारखं दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागत नाही, घामाने ओघळतही नाही. पण कापड कुठलं, हे बघा. पातळ पांढऱ्या सुती कापडातून यूव्हीचा बराच भाग आरपार जातो, ते ओलं झालं की आणखी. डेनिम जवळजवळ काहीच जाऊ देत नाही. ओढणी उजेडासमोर धरा, पलीकडचं दिसत असेल तर ती फक्त धुळीसाठी. हातांना दाट विणीचं गडद कापड, चेहऱ्याला आणि मानेला क्रीम, ही वाटणी मला सगळ्यात परवडते.

रोज लावावं की उन्हात जातानाच? ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या नॅम्बोर गावात १९९२ पासून साडेचार वर्षं १,६२१ जणांवर हेच तपासलं गेलं. रोज लावणाऱ्या गटात स्क्वॅमस सेल हा त्वचेचा कर्करोग सुमारे ४० टक्के कमी आढळला, आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्वचेचं म्हातारपणही कमी दिसलं. ती माणसं बहुतांश गोरी होती. आपल्याला त्या कर्करोगाचा धोका मुळात खूप कमी, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा इथे आणू नये. डाग आणि सुरकुत्यांचा मुद्दा मात्र आपल्यालाही लागू.

दिवसाचा अंदाज सावलीवरून घ्या. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन कडक, मग हवा गार का असेना. मेच्या मध्याला पुण्या-मुंबईत भर दुपारी ती पायाखालीच नाहीशी होते. सकाळी साडेनऊला लावून निघालात, दिवसभर ऑफिसात खिडकीपासून लांब बसलात आणि सहाला परतलात, तर दुपारी पुन्हा लावायची घाई नाही. जेवणानंतर चहाच्या टपरीवर अर्धा तास उभं राहणार असाल, तर स्टिक खिशात असू द्या.