घरगुती साहित्य लेन्सपुढे: लघुदृश्यांच्या छायाचित्रणासाठी केलेली पारख

खायचा सोडा, मीठ, कॉर्नफ्लोअर, अॅल्युमिनियम फॉइल, चहाचा वाळवलेला चोथा, कापूस, भांडी घासायचा स्पंज, जिलेटिन आणि जुन्या चौकटीतून काढलेली काच एवढ्या साहित्यातून गेले चार महिने मी डोंगर, बर्फाळ पठारे आणि तळी उभारून त्यांची छायाचित्रे घेत आले आहे. त्या अनुभवावरून या साहित्याचे परीक्षण येथे करत आहे. टेबलावरचा देखावा उभ्याने पाहताना किती सुबक दिसतो, हा माझा निकष नाही. छायाचित्रात तो टेबलावरचा आहे हे पाहणाऱ्याच्या लक्षात येते की नाही, एवढाच निकष मी लावला, आणि त्या निकषावर अनेक लाडकी साहित्ये नापास झाली.

बहुतेक देखावे मी १:८७ या प्रमाणात केले. मॉडेल रेल्वेच्या छंदात हेच प्रमाण सर्वाधिक रूढ असल्याने त्यात बसणारी माणसे, झाडे आणि वाहने सहज मिळतात. या प्रमाणात १ मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले जवळजवळ ९ सेंटिमीटर, आणि साहित्य निवडताना हा एकच हिशेब सतत डोक्यात ठेवावा लागतो. साखरेचा दाणा साधारण अर्ध्या मिलिमीटरचा धरला, तर देखाव्यात तो ४ सेंटिमीटरहून मोठा खडा होतो. बारीक मिठाचा ०.३ मिलिमीटरचा कण अडीच सेंटिमीटरची खडी होतो. साहित्याचा रंग बदलता येतो, चमक मारता येते, पण दाणा मोठा असेल तर त्यावर उपाय नाही. म्हणून कोणतेही साहित्य हातात घेतल्यावर मी आधी त्याचा कण पाहते आणि मग रंग.

बर्फासाठी लोक सर्रास मीठ सुचवतात. मी ते दोन देखाव्यांत वापरले आणि दोन्ही वेळा पठारावर गारांचा खच पडल्यासारखे दिसले, कारण मिठाचे स्फटिक घनाकार असतात आणि बाजूने प्रकाश पडला की त्यांचे सपाट पैलू एकेक करून चमकतात. खायचा सोडा मात्र खरोखर उत्तम आहे. त्याचा कण मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो, रंग निळसर छटेकडे झुकणारा स्वच्छ पांढरा असतो आणि छायाचित्रात त्याच्या सावल्या मऊ पडतात. कॉर्नफ्लोअर त्याहूनही बारीक असते. त्याचे कण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या घरातले असल्यामुळे देखाव्यात ते मिलिमीटर-दीड मिलिमीटरचे ठरतात, म्हणजे खऱ्या हिमकणांच्या अगदी जवळ येतात. शिवाय ते दाबले की घट्ट बसते आणि सुरीने कापले की उभी कड धरते, त्यामुळे वाऱ्याने साचलेल्या बर्फाच्या लाटा त्यातून फार सुंदर होतात. माझी पद्धत अशी ठरली आहे, की खाली सोड्याचा जाड थर द्यायचा आणि त्यावर कॉर्नफ्लोअर चहाच्या गाळणीतून हात उंच धरून चाळायचे, म्हणजे ते फांद्यांच्या आणि छपरांच्या फक्त वरच्या बाजूला बसते, जसा बर्फ बसतो. कॉर्नफ्लोअरऐवजी मैदा घेतला तर त्याचा पिवळेपणा टेबलावर जाणवत नाही, कॅमेऱ्यात जाणवतो. एका तयार संचातील बर्फाची भुकटीही मी वापरून पाहिली, पण तिच्यात मिसळलेली चकाकी मिलिमीटरभर आकाराची होती आणि छायाचित्रात बर्फावर आरशाचे तुकडे विखुरल्यासारखे दिसले. ती भुकटी मी पुन्हा घेणार नाही.

मातीच्या बाबतीत चहाच्या चोथ्याची शिफारस नेहमी होते, पण ती प्रमाण न सांगता केली जाते. चोथ्याची पाने एक-दोन मिलिमीटरची आणि चपटी असतात. १:१२ किंवा १:२४ प्रमाणात ती जंगलातल्या पानगळीसारखी अस्सल दिसतात, पण १:८७ प्रमाणात तीच फळकुटे वाटू लागतात. चोथा पूर्ण वाळवून, मिक्सरमधून काढून आणि बारीक चाळणीने चाळून घेतला की मात्र त्याच्यासारखी दमट, काळसर माती दुसऱ्या कशातूनही होत नाही. चाळणीवर उरलेले जाड तुकडे मी टाकून देत नाही. ते देखाव्याच्या पुढच्या कडेला, लेन्सच्या अगदी जवळ पसरते, आणि मागे जाताना कण बारीक होत गेल्याने अंतर आपोआप वाढल्यासारखे वाटते. लाल मातीसाठी मसाल्यांच्या पुडी चालतात, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मॅथ्यू अल्बानीज या अमेरिकन छायाचित्रकाराचे आहे. २००८ मध्ये त्यांच्या हातून पॅप्रिकाची, म्हणजे सौम्य लाल मिरचीच्या पुडीची, बरणी सांडली, त्या ढिगात त्यांना मंगळाची भूमी दिसली आणि मग सुमारे ५ किलोहून अधिक पॅप्रिका, दालचिनी, जायफळ, तिखट आणि कोळसा वापरून त्यांनी मंगळाचे दृश्य उभारले. मी तिखटाचा प्रयोग लहान प्रमाणावर केला. रंग अप्रतिम येतो, परंतु पंखा बंद ठेवावा लागतो आणि डोळ्यांची काळजी घ्यावी लागते.

खडकांसाठी फॉइलला तोड नाही. दगडाचे एक वैशिष्ट्य असे, की त्याचा लहान तुकडा आणि मोठा कडा यांच्या भेगांची ठेवण सारखीच दिसते. भूशास्त्रज्ञ खडकाचे छायाचित्र घेताना हातोडा किंवा नाणे शेजारी ठेवतात ते याच कारणाने, कारण त्याशिवाय आकाराचा अंदाज येत नाही. चुरगळलेल्या फॉइलच्या घड्यांतही मोठ्या घडीच्या पोटात लहान घडी अशी तीच रचना तयार होते. फॉइलचा मोठा तुकडा घट्ट चुरगळावा, अर्धवट उलगडावा, वर्तमानपत्राच्या बोळ्यांवर ताणून बसवावा आणि त्यावर राखाडी रंगाचे दोन अपारदर्शक हात द्यावेत. फॉइल कुठेही उघडे राहता कामा नये, कारण नखाएवढी चमकही संपूर्ण कडा खोटा पाडते. रंग वाळल्यावर पाण्यासारखा पातळ काळा रंग भेगांत सोडायचा, आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट रंग फक्त उंचवट्यांवर घासायचा. ही शेवटची पायरी अनेक जण घाईत सोडतात, पण कड्याला वजन येते ते तिच्यामुळेच. फॉइलमध्ये प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून साचाही काढता येतो. तो अधिक तीक्ष्ण निघतो, मात्र जड होतो आणि पडल्यावर फुटतो.

दगड लहान केला तरी दगडासारखा दिसतो, पाणी मात्र लहान होत नाही. पृष्ठताणामुळे पाण्याची कड काठावर दोन-अडीच मिलिमीटर वर चढते, आणि १:८७ प्रमाणात ही चढण वीस सेंटिमीटरच्या आसपास जाते. तीन मिलिमीटरचा थेंब पाव मीटरचा गोळा होतो. खरे पाणी ओतलेले माझे पहिले तळे याच कारणाने ताटलीत ओतलेल्या पाण्यासारखे दिसले. त्याऐवजी चौकटीची काच घ्यावी, तिच्या मागच्या बाजूला काळपट हिरवा रंग द्यावा आणि कडा माती-वाळूत बुजवाव्यात. डोंगराचे प्रतिबिंब पडलेले शांत तळे हवे असेल तर एवढे पुरेसे आहे, आणि माझ्या मते ते महागड्या रेझिनपेक्षा, म्हणजे ओतून घट्ट होणाऱ्या पारदर्शक द्रवापेक्षा, सरस दिसते. वाऱ्याची झुळूक दाखवायची असेल तर काचेवर पांढऱ्या गोंदाचा पातळ हात देऊन तो ओला असतानाच ब्रशच्या टोकाने एकाच दिशेने टिचक्या माराव्यात; वाळल्यावर गोंद पारदर्शक होतो आणि लाटा उरतात. जिलेटिनबद्दल माझे मत संमिश्र आहे. त्याला खरी खोली येते आणि तळाचे खडे दिसतात, परंतु ढवळताना शिरलेले बुडबुडे निघता निघत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी ते काठापासून सुटू लागते.

कापसाविषयी थोडे कठोर बोलावे लागेल. ढग म्हणून कापूस लावलेली छायाचित्रे मी पुष्कळ पाहिली, स्वतःही काढली, आणि जवळपास प्रत्येकात त्याचे तंतू दिसतात. कापूस पिंजून अगदी विरळ केला, देखाव्यापासून बराच मागे टांगला आणि त्याच्या मागून प्रकाश सोडला, तरच तो ढग होतो. धुक्यासाठी तर त्याचा विचारच करू नये. दूरचे डोंगर फिकट आणि निळसर दिसतात ते मधल्या हवेत प्रकाश विखुरल्यामुळे, आणि अर्ध्या मीटरच्या टेबलावर तेवढी हवा नसते. म्हणून मागच्या रांगांचे रंगच फिके करावे लागतात. मी कागदाच्या तीन रांगा कापल्या, प्रत्येक रांग पुढच्या रांगेपेक्षा फिकट रंगवली आणि त्यांच्या मधे जाळीचे पातळ पांढरे कापड ताणून लावले. पहाटेच्या दरीचे माझे सर्वांत समाधानकारक छायाचित्र या तीन कागदांतून निघाले.

झाडांबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. स्पंज बारीक कुसकरून, रंगवून, वाळलेल्या मुळांवर गोंदाने चिकटवावा. मुळे उलटी धरली की तीच फांद्या होतात. ब्रोकोलीची झाडे तासाभरात माना टाकतात.

साहित्य चांगले असूनही छायाचित्र फसते ते बहुधा कॅमेऱ्याच्या उंचीमुळे. १६० सेंटिमीटर उंचीवरून जग पाहणाऱ्या माणसाची नजर १:८७ प्रमाणात १.८ सेंटिमीटरवर येते. लेन्स तिथे न्यावी लागते, आणि या कामात फोन मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा सोयीचा ठरतो, कारण तो उलटा धरला की लेन्स जमिनीला टेकते. दुसरा प्रश्न स्पष्टतेच्या खोलीचा, म्हणजे पुढून मागे किती भाग स्पष्ट येतो याचा, आहे. मोठ्या सेन्सरच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स ३० सेंटिमीटर अंतरावरून एफ/१६ ला, म्हणजे तिचे छिद्र बरेच लहान करून, वापरली, तरी जेमतेम ३ सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो आणि पुढे-मागे सगळे धूसर होते. खऱ्या शहराच्या छायाचित्राचा वरचा आणि खालचा भाग धूसर केला की ते खेळण्यातले वाटू लागते. तीच धूसरता येथे आपल्या विरुद्ध जाते. फोनच्या लहान सेन्सरमुळे ही खोली बरीच वाढते. मोठा कॅमेरा असेल तर तो तिवईवर पक्का करून, फोकस पुढून मागे थोडा थोडा सरकवत अनेक छायाचित्रे घ्यावीत आणि ती संगणकावर एकत्र करावीत. पार्श्वभूमीसाठी मायकेल पॉल स्मिथ या अमेरिकन कलावंताची युक्ती मला फार आवडते. ते १:२४ प्रमाणातल्या मोटारी आणि घरे उघड्यावर टेबलावर मांडत आणि मागची खरी झाडे-घरे बरोबर जुळतील असे अंतर आणि कोन शोधत, म्हणजे पार्श्वभूमी आणि आकाश दोन्ही खरेच असे. माझ्या फॉइलच्या कड्यामागे मी रंगवलेले आकाश काढून खिडकीतले खरे आकाश आणले, तेव्हा त्याच कड्याची उंची दुप्पट वाटू लागली.

प्रकाशाचाही हिशेब आहे. आकाशात सूर्याचे बिंब सुमारे अर्ध्या अंशाचे दिसते, म्हणून उन्हातल्या सावल्यांना धार असते. ५ सेंटिमीटरचा दिवा तेवढा लहान दिसण्यासाठी जवळजवळ ६ मीटर दूर न्यावा लागेल. फोनच्या टॉर्चचा ठिपका काही मिलिमीटरचा असल्याने तो अर्ध्या मीटरवरूनही तशी सावली देतो, परंतु मग दुसरी अडचण येते. दिवा देखाव्याच्या जवळच्या कडेपासून अर्ध्या मीटरवर असेल आणि देखावा अर्धा मीटर लांब असेल, तर पलीकडच्या कडेला चौथा हिस्साच प्रकाश पोहोचतो आणि सूर्य टेबलाशेजारी ठेवल्याचे उघड होते. म्हणून टॉर्च दोन मीटर मागे न्यावा, खोलीत अंधार करावा आणि कॅमेऱ्याला प्रकाश घेण्यासाठी काही सेकंदांचा अवधी द्यावा. दिवा एकच असावा. सावल्या उजळायच्या असतील तर पांढरा कागद समोर धरावा, कारण दुसऱ्या दिव्याने दुसरी सावली पडते आणि आकाशात दोन सूर्य असल्याचे दिसते. तापणारे दिवे कापूस आणि कागदाजवळ मुळीच वापरू नयेत. कॉर्नफ्लोअर चाळताना जवळ ज्योत नसावी, कारण हवेत उडालेली पिठूळ धूळ भडकू शकते. एलईडीने हा धोका खूप कमी होतो.

टिकाऊपणाचा निकाल साहित्यागणिक वेगळा आहे. कॉर्नफ्लोअर दमट हवेत दुसऱ्या दिवशी पापुद्रा धरते, म्हणून बर्फ सर्वांत शेवटी चाळावा आणि छायाचित्र त्याच बैठकीत घ्यावे. चोथा पूर्ण वाळला नसेल तर त्यावर बुरशी येते. गोंदाच्या लाटा असलेली काच महिनोन्महिने जशीच्या तशी राहते, आणि स्पंजची झाडे डब्यात घालून ठेवता येतात. फॉइलचा माझा पहिला डोंगर आतापर्यंत पाच देखाव्यांत उभा राहिला आहे. पहिल्यांदा तो समुद्रकिनाऱ्यावरचा कडा होता, नंतर त्यावर सोडा पडला, एकदा तो तिखटात अर्धा बुडाला, आणि सध्या पाठीकडची बाजू कॅमेऱ्याकडे करून तो काचेच्या तळ्याकाठी आहे.