भातखंडे क्रमिक पुस्तकमालिका, भाग २ ते ४ : अनेक महिन्यांच्या रियाजानंतरचं मत

भातखंड्यांची ही पुस्तकं म्हणजे हिंदुस्थानी संगीतातल्या रागांची वर्णनं आणि त्यांच्या बंदिशी (बांधलेली गाणी) स्वरलिपीत. आता थेट तक्रारीवर येतो. हल्ली मिळणाऱ्या काही पुनर्मुद्रणांत कोमल (शुद्ध स्वरापेक्षा थोड्या उतरलेल्या) स्वराखालची आडवी रेघ पुसट आहे आणि कित्येक ठिकाणी उमटलेलीच नाही. जुन्या प्रतीवरून पानं उचलली की अक्षर टिकतं, पण बारीक खूण आधी जाते. भातखंडे लिपीचा तर सगळा भार अशा खुणांवरच आहे. खाली आडवी रेघ म्हणजे कोमल, मध्यमावर (म) उभी म्हणजे तीव्र, म्हणजे चढा, टिंबावरून सप्तक (खालचं की वरचं) आणि खालच्या चंद्रकोरीवरून एका मात्रेतले (तालाच्या एका ठोक्यातले) स्वर कळतात.

तोडी रागात रेघ गेली तरी निभावतं, कारण रे, ग, ध कोमलच असतात. देस-खमाजातही चढताना शुद्ध नि, उतरताना कोमल, एवढं धरून चालता येतं. मियाँमल्हारात मात्र अडतं. 'नि ध नि सा' यातला पहिला नि कोमल, दुसरा शुद्ध, आणि रागाची ओळखच तिथं आहे. रेघेविना दोन्ही नि सारखेच दिसतात. जयजयवंतीत दोन्ही ग आणि दोन्ही नि. पूरिया धनाश्रीत धैवताखालची (ध) रेघ गेली की पानावर पूर्वा कल्याण हा दुसराच राग उरतो. सगळ्यात वाईट आसावरी! ती शुद्ध ऋषभानंही (रे) गातात आणि कोमल ऋषभानंही, त्यामुळे रेघ मुळातच नव्हती की छपाईत गेली, हे नुसत्या पानावरून ठरत नाही. इतक्या किमतीच्या पुस्तकात हे खपवून घेऊ नये.

दुरुस्ती बंदिश पाठ करण्याआधीच करावी. रागवर्णनातले आरोह-अवरोह (चढता-उतरता स्वरक्रम) आणि पकड (रागाची ओळख पटवणारी छोटी स्वरावली) पाहून रेघा मऊ पेन्सिलीनं ओढाव्यात. पातळ कागदावर शाई मागं उमटते. मग मात्रा मोजाव्यात. त्रितालाच्या चार मात्रांच्या एका विभागात चारऐवजी पाच स्वर दिसले तर एक चंद्रकोर गळालेली असते. कुठली, ते खालच्या बोलांवरून आणि अक्षर लांबवल्याच्या ऽ या खुणांवरून बहुतेक वेळा कळतं. सम (तालाची पहिली मात्रा) × आणि खाली (बिनटाळीची जागा) ० या खुणा ठसठशीत असतात, त्यांच्यापासून मोजायला सुरुवात करावी.

याच कामात लक्षणगीतांबद्दलचं, म्हणजे रागाची लक्षणं सांगणाऱ्या गीतांबद्दलचं, मत पार बदललं. सुरुवातीला ती परीक्षेपुरती वाटली होती. भातखंड्यांनी 'चतुर' या मुद्रेनं (टोपणनावानं) स्वतः बांधलेल्या या रचना. थाट (रागाचा मूळ स्वरसंच), वर्ज्य (न लागणारे) स्वर, वादी-संवादी (रागातले दोन प्रमुख स्वर), गानसमय हे सगळं बोलांतच गुंफलेलं. रेघ पुसली तरी शब्द पुसले जात नाहीत. थाटाचं नाव आलं की कोमल-तीव्राचा निम्मा प्रश्न सुटतो, वर्ज्य स्वर कळला की उरलेला बराचसा. १८८७ साली एलएल.बी. झालेल्या, वकिली केलेल्या माणसाची ही शिस्त आहे: पुरावा दोन ठिकाणी नोंदवलेला. संग्राहक म्हणून त्यांचा गौरव सगळेच करतात. रचनाकार म्हणून त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही, हा त्यांच्यावर अन्याय आहे. आता नवा राग काढताना लक्षणगीत आधी, ख्याल नंतर, असाच क्रम ठेवावा असं ठामपणे वाटतं.

लिपीची मर्यादा आहेच. दरबारी रागातल्या गंधाराचं (ग) आंदोलन, म्हणजे संथ झुलणं, कोमल ग लिहून कळत नाही, आणि कणस्वर (मुख्य स्वराला चाटून जाणारे स्वर) इतके बारीक छापलेत की रेघांपाठोपाठ तेच जातात. त्यासाठी कानानंच शिकावं लागतं. भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांचं ध्वनिमुद्रण मिळालं तर आधी तेच ऐकावं.

घेताना नव्या कोऱ्या प्रतीपेक्षा जुन्या बाजारातली पिवळी पडलेली, पण ठळक छपाईची प्रत घ्या, पैसेही वाचतील. दुकानातच चौथा भाग उघडून जयजयवंतीचं पान उजेडात धरा. सगळे नि एकसारखे दिसले तर पुस्तक परत ठेवा. पेटीवर पान सपाट राहत नाही म्हणून स्पायरल बाइंडिंग करून घेणार असाल, तर आधी शिवणीकडची मोकळी जागा मोजा. ती अरुंद असेल तर भोकं पाडताना प्रत्येक ओळीची पहिली मात्रा कापली जाते.