डायटोमेशियस अर्थ: दिवाळी ते चवथ, फोंड्यातल्या गच्चीवर

दिवाळीनंतर गच्चीवरच्या 22 कुंड्यांसाठी ही कीड मारणारी पावडर आणली, आता चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आलीय. गोव्याच्या दमट हवेत ती चालते का? सुक्या दिवसांत चालते, पावसात नाही.

पहिला पुडा चुकीचा निघाला. दुकानदाराने पोहण्याच्या तलावाच्या फिल्टरची पावडर दिली होती. ती भट्टीत भाजलेली असते, तिच्यातली स्फटिकरूप सिलिका फुप्फुसांना घातक. परत केली. पुड्यावर ‘फूड ग्रेड’ बघूनच घ्या, आणि तीसुद्धा मास्क लावूनच उडवा.

सासूबाईंनी विचारलं, “भाजीवर विष टाकतेस की काय?” विष नव्हे. डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचे हे सिलिकाचे सांगाडे. किड्याच्या अंगावरचा मेणचट थर ते खरवडतात, शोषून घेतात, आणि किडा सुकून मरतो. म्हणजे पावडर कोरडी हवीच. डिसेंबरात मी सकाळी दवातच उडवायचे आणि पानांवर नुसता लगदा व्हायचा. मग ऊन चढल्यावर चहाच्या गाळणीतून, पानांच्या खालच्या बाजूलाही, अगदी पातळ थर देऊ लागले. आठवडाभरात मुंग्या हटल्या. मुंग्याच माव्याची राखण करतात, त्यामुळे मिरचीवरचा मावाही ओसरला. जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणाला मात्र काही झालं नाही. त्याचं मेणाचं आवरण जाड. तिथे साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश.

दुधी-दोडक्याच्या फुलांवर चुकूनही टाकू नका. मधमाशीही तशीच मरते.

जूनमध्ये पहिल्याच सरीत सगळं धुऊन गेलं. ओल्या पावडरीवरून गोगलगायी सरळ जातात. त्या मी रात्री विजेरी घेऊन हाताने वेचते.

पावसात उपयोगी पडले ते याच डायटोमेशियस अर्थचे भट्टीत भाजलेले दाणे, बोन्सायवाले वापरतात ते. आपली लाल माती कुंडीत दगडासारखी बसते. दोन भाग माती, एक भाग गांडूळखत, एक भाग दाणे असं मिश्रण केलं. दाण्यांच्या छिद्रांत पाणी राहतं, मधल्या फटींतून जास्तीचं निघून जातं. जुलैच्या झडीत साध्या मातीतल्या सहांपैकी चार मिरच्या मुळं कुजून गेल्या, दाण्यांच्या कुंड्यांतल्या सहाही उभ्या आहेत. पैसे वाचवायला मी एका कुंडीत पावडरच मिसळली होती. तिचा चिकट गोळा झाला. दाणे महाग आहेत, म्हणून फक्त मिरचीसाठी ठेवलेत. वापरण्याआधी बादलीत धुऊन घ्या, धूळ फार. आणि खत पंधरवड्याला द्यावंच लागतं, दाण्यांत पोषण काही नाही.