जोंगा की जुनी महिंद्रा जीप?

गोव्यात जुनी फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी गाडी, दुरुस्त करून उभी करायची, तर माझं मन जोंगाकडे झुकतं. खिसा मात्र जीपकडे. निसान पॅट्रोलवरून जबलपूरला लष्करासाठी बनलेल्या जोंगाला सहा सिलिंडरचं ३९५६ सीसी, म्हणजे जवळपास चार लिटरचं पेट्रोल इंजिन. महिंद्राच्या सीजे-३बी जीपचं हरिकेन इंजिन चार सिलिंडरचं, २.२ लिटर. चोर्ला घाटात जोंगाची ओढ कळते, पंपावर तिची भूकही!

जीपचे सुटे भाग तुलनेनं सहज मिळतात, जोंगाचे शोधत फिरावं लागतं. लष्कराच्या लिलावातली असेल तर आधी कागद बघा, रंग नंतर.

गंज दोघींनाही. खाऱ्या वाऱ्यानं कुजलेली चॅसिस हातोडी मारल्याशिवाय कळत नाही, आणि जोंगा मोठी म्हणून वेल्डिंगचं बिलही मोठं. गावातल्या वाड्यावरच्या अरुंद वाटेत जीपच वळते. तरीही जोंगा.